चपलांच्या कपाटातला घट

कुसळदऱ्यात पेरणी कधी करायची ते पाऊस ठरवतो आणि काय पेरायचं ते पुष्पावती. निदान पुष्पावतीचं मत तसं आहे, आणि तिच्या मताच्या विरुद्ध बोलत बसायला गावात कुणाला एवढा वेळ नसतो.

पारनेर तालुक्यातलं हे कोरडवाहू गाव. मुरमाड रानं, विहिरींना दिवाळीपर्यंत पाणी, त्यानंतर नुसती विहीर. पुष्पावती इथं लग्न होऊन आली तेव्हा सडसडीत होती, असं तिचा नवरा श्रीमंत सांगतो. पण हळू आवाजात सांगतो, आणि आधी आजूबाजूला बघून घेतो. आता तिनं पन्नाशी ओलांडली आहे. अंगानं भरली आहे, कपाळावर ठसठशीत कुंकू आहे, आणि ती गल्लीत शिरायच्या आधी तिचा आवाज येऊन बसलेला असतो. मिक्सरशी ती बोलते. गॅसच्या टाकीला दटावते. टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या बाईला तर रोज संध्याकाळी फैलावर घेते, "तुला काय कळतंय गं पावसाचं, नखं रंगवल्याली!"

एवढा अधिकार तिला कुठून आला, तर तिच्या घटातून.

नवरात्रात घरोघर घट बसतो. परडीत काळी माती पसरायची, तिच्यात ज्वारी, हरभरा, गहू, करडई, जवस पेरायचं, मधोमध पाण्याचा घट ठेवायचा आणि रोज एक माळ चढवायची. आठव्या माळेपर्यंत धान्य उगवून वर येतं. सगळ्यांचंच येतं; बोटभर, हिरवं, चारचौघांसारखं. पुष्पावतीचं मात्र वीतभर येई, आणि रंग म्हणाल तर नव्या पाटलीसारखा पिवळाधमक. म्हणून आठव्या माळेला सगळं गाव तिच्या दारात. तिच्या घटात जे धान्य जोमात, तेच यंदा रानात, हा कुसळदऱ्याचा कायदा. एका साली घटात हरभरा उंच झाला, तर गावानं बांधापासून बांधापर्यंत हरभरा पेरला. इतका, की माघात आलेल्या पाहुण्यांना दुसरी भाजीच मिळेना आणि दोन सोयरिकी त्यावरून लांबल्या.

याची सुरुवात एका बोक्यापासून झाली होती. सासू गेल्यावर पुष्पावतीनं पहिलाच घट बसवला, त्या साली तिसऱ्या माळेला खिडकीतून एक बोका आत आला आणि परडीत असा ऐसपैस बसला, जसा काही त्यालाच तिथं बसवला होता. पुष्पावतीनं त्याला हाकलला, खिडकीवर गोणपाट ठोकलं, दाराला घोंगडी लावली. आत कोपऱ्यात मिणमिणती समई तेवढी. त्या साली घट वीतभर आला, आणि तेव्हापासून ते गोणपाट कुणी काढलं नाही. श्रेय मात्र पुष्पावतीनं ना बोक्याला दिलं ना गोणपाटाला. दिलं ते स्वतःच्या सोवळ्याला. नऊ दिवस उपास, पायात चप्पल नाही, तोंडात कांदा-लसूण नाही, आणि सगळ्यात अवघड म्हणजे भांडण नाही. त्या नऊ दिवसांतली भांडणं ती साठवून ठेवी आणि दसऱ्याचं सोनं वाटून झालं की एकेक बाहेर काढी. आपला नंबर लागणार हे ज्यांना ठाऊक असे, ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शिर्डीला दर्शनाला जात.

भिंतीपलीकडं धाकटी जाऊ सुकन्या राहते. भावाभावांत वाटण्या झाल्या तेव्हा जमीन वाटली, विहिरीच्या पाळ्या वाटल्या, आंब्याचं झाड फांद्या मोजून वाटलं. देवी वाटली नाही. देवी वाटून घेतली म्हणजे घर खरंच फुटलं. म्हणून घट एकच, थोरलीच्या घरात. सुकन्या आरतीला इकडं येते, टाळ्या वाजवते, प्रसाद घेते आणि थोरलीकडून 'सौभाग्यवती हो' म्हणून घेऊन परत जाते.

सुकन्याची मुलगी दिशा दुसरीत आहे. तिच्या शाळेवरचे कानिफनाथ गुरुजी म्हणजे फार उत्साही माणूस. दर शनिवारी ते पालकांच्या मोबाईलवर एक विज्ञानाचा प्रयोग धाडतात: घरी करून बघा. दिशा करते आणि घरच्यांना बघावं लागतं. मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं, हा प्रयोग नेमका श्रावणात आला. श्रावणात घरात अंडं कुठलं? म्हणून दिशानं आधी लिंबू सोडून बघितलं, मग बटाटा आणि शेवटी श्रीमंतरावांची कवळी. कवळी बुडाली. पुढच्या शनिवारी लिंबू आणि खायच्या सोड्याचा ज्वालामुखी आला. तो तिनं तांब्यात केला. श्रीमंतराव रानातून तहानलेले आले आणि उरलेला ज्वालामुखी पिऊन मोकळे झाले. संध्याकाळी त्यांनीच गुरुजींना निरोप धाडला, की औषध गुणाचं हाय, पुढच्या शनिवारी बी द्या.

नवरात्राच्या तोंडावर जो प्रयोग आला तो मात्र अगदी साधा होता. दोन वाट्या घ्या, दोन्हीत माती घाला, सारखे गहू पेरा. एक वाटी उजेडात ठेवा, दुसरी अंधारात. दोन्हींना रोज सारखं पाणी. काय दिसतं ते बघा.

मूठभर गहू दिशानं मोठ्या आईच्या डब्यातून नेले. पुष्पावतीला ती मोठी आई म्हणते. घटस्थापनेची सकाळ, पुष्पावती परडीत माती पसरत होती.

"कशाला गं गहू?"

"प्रयोगाला."

"ने. पन तुज्या मोठ्या बाबाला काय प्यायला दिऊ नको यंदा."

उजेडाची वाटी दिशानं आपल्या घरी खिडकीत ठेवली. अंधाराला मात्र त्या घरात एकच जागा होती: ओसरीवरचं चपलांचं लोखंडी कपाट. नवरात्रात घरातले सगळे अनवाणी, म्हणजे ते कपाट नऊ दिवस कोण उघडणार? एवढा विचार त्या सात वर्षांच्या पोरीनं केला. तळाच्या कप्प्यात, बापाच्या लग्नातल्या बुटांच्या मधोमध, तिनं वाटी ठेवली आणि दार लावून घेतलं.

सहाव्या माळेला सकाळी समोरची कडूबाई सुकन्याकडं खिसणी मागायला आली. कडूबाईनं नेलेली वस्तू उशिरा परत येते, पण नेलेली बातमी लगेच पोचते. सुकन्या मागं भांडी घासत होती. ओसरीवर दिशा गणवेश घालून, चपलांच्या कपाटापुढं गुडघे टेकून, डोळे किलकिले करून चमच्या-चमच्यानं आत पाणी घालत होती आणि ओठ हलवत होती. ती चमचे मोजत होती. कडूबाईला ते चमचे मोजणं वाटलं नाही. पोरगी शाळेत गेल्यावर तिनं हळूच कपाटाचं दार किलकिलं केलं, आत बघितलं, आणि खिसणी न घेताच ती पुष्पावतीच्या घरी आली.

"पुष्पाबाई, बसल्यात का?"

"माळ ओवती. बोल."

"न्हाई म्हनलं, तुमचा उपास हाय. सांगावं का न सांगावं."

"उपास काय कानाचा हाय का? सांग की."

"धाकलीनं येगळा घट बसवलाय."

पुष्पावतीच्या हातातलं झेंडूचं फूल तसंच राहिलं. "कुठं?"

"चपलांच्या कपाटात."

"काय पिऊन आलीस का सकाळी सकाळी?"

"माझ्या डोळ्यांनी बघून आले. पोरगी पूजा करत हुती. आन बाई, रंग तर इचारू नका. असला पिवळा मी तुमच्या घरात सुदिक बघितला न्हाई. उंची तर लईच."

पुष्पावतीच्या लक्षात आलं, की तिला तीन गोष्टींचा राग यायला हवा. एक, धाकटीनं देवी वेगळी केली. दोन, चपलांत केली. तीन, ती उंच आली. राग कुठल्या क्रमानं यावा हे तिला नीट ठाऊक होतं, पण आला तो तिसऱ्याचाच. कडूबाईला तिथंच बसवून ती घोंगडीमागं गेली, समईच्या उजेडात आपल्या घटाला वीत लावून बघितली. वीतभर होता. जिवात जीव आला. मग ती बाहेर आली, पदर खोचला, आणि उंबऱ्यावर येऊन तिला आठवलं की नवरात्र आहे. भांडता येणार नाही.

सुकन्याच्या ओसरीवर ती चढली तेव्हा तिनं चेहऱ्यावर इतकं हसू आणलं होतं की सुकन्या घाबरून उभी राहिली.

"सुकन्याबाई, बाळ माझं, काय चाललंय?"

लग्न झाल्यापासून थोरलीनं तिला कधी बाळ म्हटलं नव्हतं. "ताई, कोन गेलं का?"

"छे गं सोन्या! म्हनलं, तुमची देवी बघून यावी. आमच्या देवीत काय कमी पडलं ते तिलाच इचारावं."

"कुठली देवी?"

"ती चपलांतली, राजा."

"ताई, तुमी आदी बसा. पानी देऊ का?"

"पानी दिऊ नको लाडके, दार उघड."

मागं कडूबाई खिसणी न्यायला म्हणून आलीच होती. तिनंच पुढं होऊन दार उघडलं. आत अंधाऱ्या कप्प्यात, दोन काळ्या बुटांच्या मधून, सोन्याच्या तारांसारखे गव्हाचे कोंब वरच्या फळीला जाऊन टेकले होते. सुकन्यानं तोंडाला पदर लावला. पुष्पावतीनं न राहवून वीत पुढं केली. वीत संपली आणि गहू उरला.

"आगं आई गं," सुकन्या म्हणाली, "हे कुनी ठिवलं? ताई, देवीची शपत, मला यातलं काय म्हंजे काय ठावं न्हाई."

"ठावं न्हाई?" कडूबाईचा आवाज एकदम खाली आला. "म्हंजे कुनी बसवलाच न्हाई? आपोआप आला?"

झालं. सुकन्याला दिशाचे प्रयोग आठवायच्या आत कडूबाई गल्लीत होती, आणि गल्लीतून बातमी वर गावठाणात जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. देवी थोरलीचं घर सोडून धाकटीच्या चपलांत प्रकटली.

दुपारी सुकन्याच्या ओसरीपुढं रांग लागली. जे अनवाणी होते त्यांचं ठीक. बाकीच्यांनी रिवाजाप्रमाणं दारात चपला काढल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की चपलांच्या जागी तर देवी बसली आहे, आता चपला ठेवायच्या कुठं? कुणी काखेत धरल्या, कुणी शेवग्याला अडकवल्या. कपाटाचा खालचा कप्पा अरुंद, हात वाटीपर्यंत नीट पोचेना, म्हणून हळदकुंकू बुटांवर पडू लागलं. थोड्या वेळानं लोक बुटांनाच वाहू लागले. डाव्या बुटात कुणी केळं ठेवलं. दिशाचा बाप अमृत टेम्पो घेऊन बाहेरगावी गेला होता. त्याला मोबाईलवर स्वतःच्या लग्नातल्या बुटांचा हार घातलेला फोटो आला, खाली लिहिलं होतं: दर्शन घ्या. बुटातला माणूस गेला की काय, या शंकेनं त्यानं आधी घरी फोन केला आणि आवाज ऐकून खात्री करून घेतली की आपण आहोत.

शाळा सुटल्यावर गुरुजी दिशाला फटफटीवर घेऊन आले. एवढी गर्दी बघून त्यांना गहिवरून आलं. विज्ञानाच्या प्रयोगाला पालकांचा असा प्रतिसाद त्यांनी उभ्या नोकरीत पाहिला नव्हता.

"मंडळी," त्यांनी फटफटीवरूनच सुरुवात केली, "या प्रयोगात आपल्याला असं दिसतं, की—"

"गुरुजी, बूट!" चौघीजणी एकदम ओरडल्या.

गुरुजी खाली बसून नाड्या सोडू लागले. त्यांच्या नाड्यांना दुहेरी गाठ असते.

तोवर काकासाहेब पुढं सरकले होते. काकासाहेब म्हणजे पुष्पावतीच्या घटाचे सर्वांत जुने भक्त. घटात जे येईल ते पेरायचं आणि ते बुडालं तर आपल्याच हाताला दोष द्यायचा, इतकी श्रद्धा. काखेतल्या चपला सावरत त्यांनी आत डोकावून बघितलं.

"वाटीत काय हाय? निस्ता गहू. मोठ्या बाईंच्या घटात पाच धान्यं, मानसानं बघायचं काय काय? हिथं देवी एकच बोलती. गहू पेरा."

"काकासाहेब," पुष्पावती मागून म्हणाली, आवाजात अजून गूळ होता पण तो आता करपत आला होता, "तुमच्या त्या माळावर गहू? हरळी उगवायची म्हनली तरी दोनदा इचार करती तिथं. पानी कोन घालनार गव्हाला?"

"जिनं सांगितलं ती बघल की."

आणि त्यांनी तिथंच उभ्या उभ्या पोराला फोन लावला. परवा पारनेरला टेम्पो जाईल, त्यात गव्हाच्या बियाण्याची गोणी टाकून आण. त्यांच्या मागच्या दोघांनी विचारलं, आमच्या पण आणता का?

पुष्पावती घरी आली आणि घोंगडीमागं जाऊन बसली. तिच्याकडं दागिने बेताचे, शिक्षण चौथीपर्यंत, नवरा घरात असून शोधावा लागतो. गाव तिला विचारतं ते या परडीमुळं. परवा आठवी माळ. गाव येईल, पण भिंतीपलीकडं येईल. बुटांपुढं हात जोडेल आणि माळावर गहू पेरेल.

घोंगडी हलली. दिशा आत आली. खिडकीतली वाटी तिनं पोटाशी धरली होती आणि ती रडत होती.

"मोठी आई, माझी वाटी देत न्हाईत. फोटो काढायचाय मला. बुटाची पूजा करत्यात नुसती."

"तुजी वाटी?"

"प्रयोगाची. तू गहू दिलेलेस की. ही उजेडातली, ती अंधारातली."

पुष्पावतीनं उजेडातली वाटी हातात घेतली. बोटभर उंच, जाड, गडद हिरवे कोंब. तिच्याच डब्यातला गहू. बोक्याच्या आधी सासूचा घट असाच असायचा.

"आन ती पिवळी का झाली मग?"

"गुरुजी म्हनले, कोंब उजेड हुडकायला पळतो. म्हून लांब होतो. आन उजेड न्हाई म्हून पिवळा." नाक ओढून दिशानं खोलीत नजर फिरवली. "तुज्या हितं बी अंधारच हाय की."

"ही देवीची खोली हाय."

"व्हय. पन अंधार हाय."

पुष्पावतीनं ती हिरवी वाटी परडीशेजारी धरून बघितली. ती मूर्ख नव्हती.

"हे कुनाला सांगितलंस?"

"गुरुजी सांगनारेत सगळ्यांना."

"त्यांचे बूट निगाले का?"

"एक निगालाय."

पुष्पावतीनं डबा उघडून दिशाला शेंगदाण्याचा लाडू दिला. दिशानं तो तोंडात घातला. लाडू संपेपर्यंत पोरगी बोलणार नव्हती, आणि तेवढ्या वेळात पुष्पावतीला ठरवायचं होतं. गप्प बसलं तर कपाट जिंकतं आणि काकासाहेब माळावर गहू पेरतात. बोललं तर कपाट हरतं, पण त्याच्याबरोबर गोणपाटही हरतं. तिनं मधली वाट शोधून पाहिली.

"दिशे, असं व्हईल का गं, की तुजा गहू अंधारानं वाडला आन माझा घट देवीनं वाडवला?"

दिशानं गाल फुगवून विचार केला. प्रश्न तिला आवडलेला दिसला. "तसं बगायचं आसंल तर प्रयोग करावा लागंल. खिडकी उघड. देवीनं केला आसंल तर पिवळाच ऱ्हाईल."

"आन हिरवा झाला तर?"

"तर अंधारानं."

इतक्या वर्षांत त्या खोलीत कुणी पुष्पावतीला असं कोंडीत पकडलं नव्हतं. ती उठली. गोणपाटाला हात लावला, काढला, परत लावला. देवीकडं बघितलं. देवीचं म्हणणं काही कळेना. शेवटी तिनं श्रीमंतरावांना हाक मारली. ते जवळच निघाले, घोंगडीच्या पलीकडं, बहुधा बऱ्याच वेळापासून.

"पक्कड आना."

खिळे निघाले, गोणपाट खाली पडलं, आणि बोक्यानंतर पहिल्यांदाच त्या खिडकीतून काहीतरी आत आलं. ऊन सरळ परडीवर पडलं. सोनं असं चकाकलं की पुष्पावतीला वाटलं, जिंकलो.

गुरुजींचा दुसरा बूट निघेपर्यंत पलीकडं आरती सुरू झाली होती, त्यांचं कुणी ऐकलं नाही. सातव्या माळेला सकाळी शेंडे पोपटी होते. तिनं श्रीमंतरावांना विचारलं, ते म्हणाले पिवळेच आहेत. त्यांना तसं म्हणायचं शिक्षण होतं. दुपारी दिशा आली, वाकून बघून म्हणाली, "व्हायला लागलं." संध्याकाळपर्यंत हिरवेपणा अर्ध्यावर उतरला. आठव्या माळेला उजाडलं तेव्हा परडीत वीतभर उंच, लुकडा, पण लख्ख हिरवा घट उभा होता.

सवयीनं गाव आधी तिच्याच दारात आलं, मग पलीकडं जायचं होतं. पुष्पावतीनं घोंगडी बाजूला केली. सगळे आत वाकले.

"देवी हिरवी झाली!" कडूबाई किंचाळली. "चमत्कार झाला, चमत्कार!"

तिथं गप्प बसली असती, तर पुष्पावतीचं सगळं परत मिळत होतं. अगदी दीडपट. तसं मनात आलंही. पण तिची नजर काकासाहेबांवर गेली. ते घड्याळाकडं बघत होते. गोणी घेऊन टेम्पो पारनेरहून निघायची वेळ झाली होती.

"चमत्कार न्हाई न् काय न्हाई," ती म्हणाली. "खिडकी उघडली म्हून हिरवा झाला. अंधारानं पिवळा हुता. इतकी वर्षं माझा बी अंधारानंच पिवळा हुता. आन ते कपाटातलं आमच्या दिशीचं शाळेचं काम हाय. काकासाहेब, फोन लावा आन गोनी उतरवा."

खरेपणानं बोलली का बुटांची जिरवायला बोलली, हे तीच जाणे. पण बोलली. गुरुजी अनवाणी, अंगणात उभे होते; ते फक्त "बरोबर आहे" एवढंच म्हणाले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. दिशानं पलीकडं जाऊन बुटांतून आपली वाटी काढली, केळं खाल्लं, आणि दोन्ही वाट्या शेजारी ठेवून फोटो काढून घेतला.

काकासाहेबांनी गोणी उतरवली, पण त्यांचा चेहरा उतरला तो उतरलाच. "हिरवा तर हिरवा, पन सांगायचं हुतं का?" ते म्हणाले. "आमी कुठं इचारलं हुतं?" त्या दसऱ्याला टोपीत खोवायला घटाचे कोंब न्यायला पुष्पावतीकडं कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी एकही साठवलेलं भांडण निघालं नाही. शिर्डीहून परतलेली मंडळी दोन-तीन दिवस दाराआड वाट बघत राहिली आणि शेवटी काळजीनं श्रीमंतरावांना विचारायला आली, की वहिनींना बरं नाही का? हवामानवाली बाईसुद्धा त्या दिवाळीत न अडता बोलून गेली.

गाव मात्र जे शिकलं ते पक्कं शिकलं. उंची अंधारानं येते, एवढं एकच वाक्य त्यांनी उचललं. पुढच्या नवरात्रात कुसळदऱ्यात घरोघरचे घट अंधारात गेले. कुणी पलंगाखाली बसवला, कुणी रिकाम्या ड्रममध्ये, कुणी गोठ्यातल्या पोत्यांमागं. चपलांची कपाटं तर सगळ्यात आधी भरली. कडूबाईनं कपडे धुवायच्या मशीनमध्ये बसवला आणि नऊ दिवस घरातल्या सगळ्यांनी एकेका कपड्यावर काढले. आठव्या माळेला दारं, झाकणं, कप्पे उघडले. घरोघर सोनं! वीतभर, सव्वा वीत. आणि गावापुढं मोठा पेच पडला. सगळेच घट उंच, तर ऐकायचं कुणाचं? एकाच्या ड्रममध्ये जवस वर, दुसऱ्याच्या पलंगाखाली मका. देवळापुढं आवाज चढले. मशीनमधली देवी मोठी का ड्रममधली, यावरून दोन साडू एकमेकांच्या अंगावर गेले.

तेवढ्यात दिशा सहज म्हणून गेली, "आमच्या मोठ्या आईचा हिरवा हाय."

सगळी गर्दी तिच्याकडं वळली. हिरवा? अख्ख्या गावात एकच?

पुष्पावती माळ ओवत होती. मागच्या वर्षी उघडलेली खिडकी तिनं परत झाकली नव्हती; बोक्यासाठी फक्त जाळी ठोकून घेतली होती. परडीत बोटभर, जाड, हिरवंगार धान्य. ज्वारी टणक, हरभरा बरा, करडई अर्धी उगवलीच नव्हती. बियाणं जुनं होतं ते उजेडात झाकलं जाईना. काकासाहेब सगळ्यात पुढं होते. त्यांनी टोपी काढली.

"मोठ्या बाई, कसं जमवलं हे?"

"खिडकी उघडी ठिवली."

काकासाहेब समजुतीनं हसले. "सांगायचं नसंल तर ऱ्हाऊ द्या. पेरायचं काय तेवडं सांगा."

पुष्पावतीच्या अंगावरून बऱ्याच महिन्यांनी काहीतरी गोड सरकून गेलं. तिनं ते दाबलं. खरंच दाबलं, सुकन्या शेजारीच होती, तिनं बघितलं.

"ज्वारीचं बी चांगलं दिसतंय. पन काकासाहेब, घटाला काय इचारता? रानात जावा, मातीत हात घाला, वल किती खोल हाय ते बगा, आन मग पेरा."

लोकांत कुजबुज झाली. ती मागं मागं सरकत गेली, देवळापर्यंत. मोठ्या बाईंचा घट बोलला, मातीत हात घाला. बायकांनी लगेच हळदकुंकवाची ताटं भरायला घेतली, कुणी नारळ आणायला पळालं, गुरुजी गर्दीत हात वर करून काहीतरी सांगत होते ते कुणी ऐकलं नाही. काकासाहेब चार पावलं जाऊन अंगणातनं परत आले. एवढ्या मोठ्या कामात चूक व्हायला नको होती.

"बाई, एक ऱ्हायलं. कुठला हात घालायचा? उजवा का डावा?"

पुष्पावतीनं दिशाकडं बघितलं. दिशाचं लक्ष लाडवाच्या डब्याकडं होतं. मग तिनं सगळ्या गावाकडं बघितलं. गाव टोप्या काढून उभं होतं.

"उजवा," ती म्हणाली.